भूलभुलैयातून आईला कोणी बाहेर आणलं?

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. इथे लोक लिहितात ते अनुभव मी वाचते, पण शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा खाता खाता, करमणूक म्हणून. वाचून झालं की मनातल्या मनात कारणही शोधून ठेवते... झोप अर्धवट झाली असेल, अंगात ताप असेल, अंधारात नीट दिसलं नसेल. मी चिखलीत विज्ञान शिकवते. प्रकाशाचं परावर्तन, सपाट आरसा, प्रतिमा कशी तयार होते, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावते. आणि माझ्यासोबत जे झालं ते नेमकं आरशांच्या मध्ये झालं. म्हणून तर इतके दिवस कोणाला सांगायची हिंमत झाली नाही.

आमचं घर बौद्ध, माहेर अमडापूरचं. अंगात येणं, उतारा, नवस असलं काही आमच्या घरात कधी नव्हतं. बाबा म्हणायचे, माणूस गेला की गेला, मागे राहते ती त्याची वागणूक. आईही तशीच. गल्लीत कोणी भुताखेताची गोष्ट काढली की ती उठून कामाला लागायची. बाबा वारल्यावर मी तिला चिखलीला आमच्याकडे आणलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन करून घे म्हणून आम्ही किती वर्षं मागे लागलो होतो, पण तिचं एकच उत्तर... "आता पाहाचं काय राह्यलं हो माहं?"

तर दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझी मुलगी सृष्टी कॉलेजमधून घरी आली होती. तिनं लोणार पाहिलं नव्हतं. जिल्ह्यात राहून लोणार पाहिलं नाही म्हणजे काय, असं म्हणून माझ्या मिस्टरांनी, मिलिंदनी, गाडी काढली. आईला घरी एकटं ठेवायचं नव्हतं म्हणून तिलाही घेतलं. सोयाबीन निघून गेलं होतं, तूर फुलावर होती, हवा छान होती. लोणारला आई खाली उतरू शकणार नव्हती. वरच्या कठड्यापाशी ती बसली आणि सृष्टीला विचारत राहिली, आता काय दिसते, पाणी कोणत्या रंगाचं आहे, झाडं कुठवर आहेत. सृष्टी सांगत होती आणि आई मान हलवत होती, जणू सगळं दिसतंय.

परतताना मेहकर मागे टाकलं. हिवरा आश्रमच्या अलीकडे डाव्या हाताला एक नवीन गार्डन झालं होतं. नाव देत नाही, उगाच कोणाच्या धंद्याला बट्टा नको. झोके, घसरगुंडी, भजी-चहाचा स्टॉल, आणि एका कोपऱ्यात रंगवलेली टिनाची मोठी शेड. त्यावर पाटी — आरशांचा भूलभुलैया, सहकुटुंब या. सृष्टीनं मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहिले होते, तिला तिथे रील करायचं होतं. मिलिंदना आरशांनी गरगरतं, ते म्हणाले मी बाहेर चहा घेतो. आईला मी त्यांच्याजवळ बसवत होते तर सृष्टी हट्टाला पेटली, आजी पण येणार. आई हसली. म्हणाली, मले आरशातलं काय दिसते, पण चला, थंड तरी असेल आत.

दारात एक मध्यमवयीन माणूस टेबल टाकून बसला होता. त्याच्यासमोर छोटा टीव्ही, आतल्या कॅमेऱ्याचं चित्र त्यावर दिसत होतं. काचांवर हाताचे डाग पडू नयेत म्हणून तो सगळ्यांना पातळ प्लास्टिकचे हातमोजे देत होता. मी घातले, सृष्टीनं घातले. आईनं एक घालून पाहिला आणि घाम येतो म्हणून काढून टाकला. त्या माणसानं एवढंच सांगितलं की आजीले एकटं सोडू नका. आमच्या पुढे एक कुटुंब गेलं होतं, ते आम्ही आत शिरायच्या आधीच हसत-खिदळत बाहेर पडलं. आमच्यामागे कोणी नव्हतं. हे मी नंतर मिलिंदना खोदून खोदून विचारलं आहे, म्हणून खात्रीनं लिहिते.

आत निळे-जांभळे लाइट, कुठलंतरी गाणं, आणि जिकडे बघावं तिकडे आपणच. कमानी कमानींसारखी रचना. अर्ध्या कमानी खऱ्या, अर्ध्या नुसत्या आरशात. सृष्टी मोबाइल धरून पुढे पळाली. मी आईचा दंड धरून हळूहळू चालत होते. तिला ते सगळं पाण्यासारखं दिसत होतं, असं ती म्हणाली. एका आरशापुढे ती थांबली, अगदी नाक लावून बघायला लागली. मी पुढची वाट खरी की खोटी हे चाचपायला हात पुढे करून वळले, आणि मागे पाहते तर आई सगळ्या आरशांत होती, पण हाताला कुठेच लागत नव्हती.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. शेड ती केवढी. मी ओरडून सांगितलं, "आई, जागची हलू नको, मी आले."

ती कुठूनतरी "हाव" म्हणाली. आवाज जवळचाच होता. पण मी ज्या बाजूला जाई तिकडे काच लागे. आईची नजर अशी, आतमध्ये आरशांच्या चौकटींच्या पायात येणाऱ्या पट्ट्या, ती आपटली तर या वयात हाड मोडायला वेळ लागत नाही... मी दोन्ही हातांनी काचा चाचपत सुटले. सृष्टीला हाक मारली तर ती भलतीकडून हसत होती.

आणि मग मला आई दिसली. आरशांच्या एका लांब रांगेत, लहान झालेली, पाठमोरी. ती चालत होती. तिचा हात एका बाईनं धरला होता.

बाई साधारण माझ्या वयाची, थोडी मोठीच. वांगी रंगाची सुती साडी, मानेवर घट्ट अंबाडा, कानामागे पांढरे झालेले केस. ती आईच्या अर्धं पाऊल पुढे होती. वळण आलं की आधी स्वतः थांबायची, आईचा पाय थांबू द्यायची, मग पुढे. ज्याला घरातल्या अधू माणसाला घेऊन चालायची सवय आहे तो जसा चालतो, अगदी तसं. मला वाटलं, चला, कोणीतरी भली बाई मागून आली असेल. मी जोरात म्हटलं, "ताई, त्यांना जरा धरून ठेवा हो, मी आलेच."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मोकळा हात वर केला, तळवा माझ्याकडे... राहू दे, मी आहे, असा. आणि दोघी वळणाआड गेल्या.

मला इतकं हलकं वाटलं त्या क्षणी. मी तिथेच काचेला टेकून उभी राहिले, श्वास घेतला. घाई करायचं आता काही कारणच नव्हतं.

पुढे सृष्टी भेटली. दोघी चाचपडत, कपाळं आपटत बाहेर आलो तेव्हा आई मिलिंदच्या बाजूला सिमेंटच्या बाकावर बसली होती. पाणी पीत होती. मी इकडेतिकडे पाहिलं, त्या बाईचे आभार मानायचे होते. कोणी नव्हतं. मी विचारायच्या आधी आईनंच मला विचारलं, "तू आता आली का?"

मी हो म्हटलं. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. हातमोजे अजून माझ्या हातातच होते.

"मंग मले कोणी आणलं?"

मी म्हटलं, ती बाई होती ना, वांगी साडीतली, ती कुठे गेली? मिलिंद म्हणाले, कोणती बाई? आई एकट्याच तर आल्या. दारातला तो माणूसही तेच म्हणाला. दोघांनी मिळून टीव्हीवर पाहिलं होतं. आजी कुठेही न आपटता सरळ येऊन राह्यली म्हणून त्याला नवल वाटलं होतं, त्यानंच मिलिंदना बोलावून दाखवलं होतं. मिलिंदच्या सांगण्याप्रमाणे आई एक हात अंगापासून थोडा दूर धरून चालत होती. त्यांना वाटलं तोल सांभाळतेय. मी त्या माणसाला पुन्हा मागचं दाखवायला सांगितलं, पण त्या टीव्हीवर फक्त त्या क्षणाचं दिसायचं, साठवलेलं काही नसायचं.

मी आणखी वाद घातला नाही. गाडीत आई डोळे मिटून बसली. थकली असेल असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेथी निवडत होते. आई समोर येऊन बसली, तिनंही एक जुडी ओढून घेतली. तिला पानं दिसत नाहीत, बोटांनी ओळखून निवडते. निवडता निवडता खाली मान घालून म्हणाली, "तुह्या हातात पन्नी होती. तिचा हात उघडा होता. मले तवाच समजाले पाह्यजे होतं."

मी विचारलं, काय समजायला पाहिजे होतं?

"सुजाता होती थे."

इथे सांगायला हवं. सुजाता माझी मोठी बहीण. माझ्याहून थोडी मोठी. मी अजून शाळेतही जात नव्हते तेव्हा ती तापानं गेली. ताप डोक्यात गेला, बुलढाण्याला नेलं, तिथून ती परत आली नाही. माझ्याजवळ तिची आठवण म्हणजे चिंचेच्या झाडाखाली एक फ्रॉक आणि मला कडेवर घेताना होणारी तिची ओढाताण, बस. तिचा फोटो नाही. त्या काळात कोण लहान लेकरांचे फोटो काढत होतं. घरात तिचं नाव काढायची बंदी नव्हती, पण कोणी काढत नसे. आईच्या तोंडून तर मी ते नाव कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी आईला समजावायला गेले. नेहमीसारखी कारणं माझ्याकडे तयार होती. ती ऐकत राहिली आणि मग तिनं माझा हात ओढून घेतला आणि माझी करंगळी चाचपून पाहिली. सुजाता लहान असताना दाराच्या फटीत तिची उजवी करंगळी चेमटली होती, म्हणे. हाड वाकडंच बसलं. शेवटच्या पेराशी ती आतल्या बाजूला वळलेली होती. हे मला माहीतच नव्हतं. कोणी सांगणार तरी कशाला? आई म्हणाली, आत चालताना आपल्या तळव्याला ते वाकडं पेर लागत होतं. लागत होतं आणि तिला बरं वाटत होतं. का बरं वाटतंय, हे मात्र बाहेर उजेडात येईपर्यंत उमगलं नाही. तिला वाटत होतं, हात माझाच आहे.

मी विचारलं, ती काही बोलली का?

"सावकाश म्हणे. काच आहे म्हणे. बस, तेवढंच." आईनं मेथीची काडी मोडली. "मी काहीच विचारलं नाही तिले. तू समजून मी तिच्या मागं नुसती चालत राह्यली. मी तं तिले हेच सांगत होती का लवकर घरी चाल, माह्ये पाय दुखते."

आई रडली नाही. मी रडले. कारण तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी त्या बाईला काय म्हणून हाक मारली होती. आपण कोणत्याही अनोळखी बाईला ताई म्हणतो, त्यात विशेष काही नाही. पण ज्या वयात मला बोलता येत होतं जेमतेम, त्या वयात मी एकाच माणसाला ताई म्हणत होते.

आणि ती बाई लहान नव्हती, हे मला सगळ्यात जास्त छळतं. मेलेलं लेकरू दिसलं असतं तर मी म्हटलं असतं, मनाचे खेळ. पण ती आज असती तर जेवढी झाली असती तेवढी होती. केस पांढरे झालेली. कुठेतरी संसार केल्यासारखी. म्हणजे इतकी वर्षं ती कुठे होती? कोणासाठी स्वयंपाक करत होती, कोणाला हात धरून नेत होती, की अशी सवय झाली? मी विज्ञानाची बाई आहे, मला हे असले प्रश्न लिहिताना लाज वाटते. पण मला हेच प्रश्न पडतात.

त्यानंतर आईनं स्वतःहून डोळ्यांचा विषय काढला. म्हणाली, करून घेऊ ऑपरेशन. मिलिंद खूश झाले. एकदाचं ऐकलं म्हणाले. कारण फक्त मला कळलं होतं, पण मी तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. आई घरभर फिरून भिंतीवरचे डाग दाखवायला लागली. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, किती वाळली तू. सगळं छान झालं होतं. आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी एके दिवशी सकाळीच नवं लुगडं नेसून बसली. म्हणाली, तिथं जाऊ.

मी तिला नाही म्हणू शकले असते. नाही म्हणायला हवं होतं, असं आता वाटतं.

गार्डनमध्ये गर्दी नव्हती. दारातला माणूस तोच, त्यानं ओळखलं नाही. आईनं हातमोजे घेतले नाहीत. ती म्हणाली, तू बाहेर थांब. मी ऐकलं नाही, पण बरंच अंतर ठेवून मागे राहिले. आई आत गेली आणि दोन-चार पावलांवर एकदम थबकली. मग मला समजलं... घरातल्या आरशापुढे ती ऑपरेशननंतरही उभी राहिली नव्हती, तिनं स्वतःला कित्येक वर्षांत पाहिलंच नव्हतं. मोतीबिंदूच्या आधीची आई तिच्या डोक्यात होती. आता चारी बाजूंनी, वरपासून खालपर्यंत, एक वाकलेली म्हातारी तिच्याकडे पाहत होती. तिनं गालाला हात लावून पाहिला. सगळ्या म्हाताऱ्यांनी लावला.

मग ती हात अंगापासून थोडा दूर धरून चालायला लागली. आता तिला काचा दिसत होत्या, कमानी दिसत होत्या, तरी ती दोनदा आपटली. मध्ये एका ठिकाणी थांबली आणि हळूच, घरात शेजारच्या खोलीत हाक मारावी तशी म्हणाली, "सुजा..." गाणं वाजत होतं. ती वाट पाहत उभी राहिली. तिचा हात तसाच होता, बोटं थोडी उघडी. मी मागून पाहत होते. मला पुढे होऊन तो हात धरता आला असता, पण मी धरला नाही. मी धरला असता तर तिला क्षणभर वाटलं असतं, आणि मग तो हात माझा निघाला असता.

बाहेर आल्यावर ती त्याच बाकावर बसली. बराच वेळ झोक्यावरच्या पोरांकडे पाहत होती. मग म्हणाली, "आता दिसते, तं थे नाही."

त्यानंतर तिनं तिथं जायचं नाव काढलं नाही. मी एकटी मात्र एकदा गेले, शाळेला दांडी मारून, घरी न सांगता. काही नाही. आरसे, लाइट, आणि सगळीकडे मीच.

मी कारणं शोधायचं सोडलेलं नाही. मी पाहिलेली बाई कोणीतरी खरी असेल, शेडच्या मागच्या दारानं आली-गेली असेल. पण टीव्हीवर ती दिसायला हवी होती. मी स्वतःलाच पाहिलं म्हणावं तर मी पंजाबी ड्रेसमध्ये होते, आणि आईचा हात माझ्या हातात नव्हता. आईला भास झाला म्हणावं तर आईनं ती पाहिलीच नाही, पाहिली ती मी. आम्ही दोघी वेगवेगळ्या ठिकाणी होतो आणि एकीनं हात धरला, एकीनं पाहिलं. दोन्ही जोडून काय होतं ते मला मांडता येत नाही. कोणाला येत असेल तर सांगा, पण आईसमोर नको.

आई आता ठीक आहे. फक्त कधी कधी, दुपारी मी शाळेतून आले की चहा पिताना ती विचारते, कशी दिसत होती गं? मी सांगते... वांगी साडी, अंबाडा, कानामागचे पांढरे केस, चालणं. सगळं सांगते. चेहरा सांगता येत नाही. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं होतं, सरळ पाहिलं होतं. पण मी आईच्या पायांकडे पाहत होते, ती अडखळते की काय म्हणून. माझी बहीण इतक्या वर्षांनी एकदा माझ्यासमोर आली आणि मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

आईला हे मी सांगितलेलं नाही. ती विचारते, हसली का तुह्याकडं पाहून? मी म्हणते, हो, हसली.

ती मान हलवते, आणि चहाचा कप खाली ठेवून पुन्हा विचारते, नीट हसली का?